अस्वलांच्या नदीत गळ टाकताना : अलास्कातील ब्रुक्स नदीची रीत

अमेरिकेच्या अलास्का राज्यात कॅटमाई राष्ट्रीय उद्यान आहे. या उद्यानातील ब्रुक्स ही नदी जेमतेम अडीच किलोमीटर लांबीची. जून महिन्याच्या अखेरीस समुद्रातून सॅमन मासे या नदीत शिरू लागतात आणि त्यांच्या मागोमाग दोन प्रकारचे शिकारी तेथे येऊन पोहोचतात. एक तपकिरी अस्वल आणि दुसरा गळ घेऊन आलेला माणूस. एकाच प्रवाहात, पुष्कळदा एकमेकांच्या दृष्टिपथात राहून, दोघेही मासे धरतात. १९५० सालापासून हा क्रम चालू आहे आणि एवढ्या काळात माणसाला गंभीर दुखापत झाल्याचे प्रसंग फारच थोडे घडले आहेत.

या शांततेचे श्रेय अनेकदा तेथील अस्वलांच्या सौम्य स्वभावाला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. ही शांतता प्रामुख्याने एका साध्या अटीवर टिकून आहे. अस्वलाला माणसाकडून मासा कधीही मिळता कामा नये, ही ती अट. गळाला लागलेला मासा हातचा जाऊ देण्याची तयारी नसेल, तर या नदीत उतरू नये, असेच तेथील नियमांचे सार सांगता येईल.

नदी आणि मासा

कॅटमाईचा परिसर संरक्षित झाला तो अस्वलांमुळे नव्हे, तर ज्वालामुखीमुळे. ६ जून १९१२ रोजी येथे नोव्हारुप्ता ज्वालामुखीचा उद्रेक झाला. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांत त्याची गणना होते. त्याच्या राखेने भरलेल्या आणि असंख्य छिद्रांतून वाफा सोडणाऱ्या दरीचे जतन व्हावे म्हणून अध्यक्ष वूड्रो विल्सन यांनी १९१८ मध्ये हा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. १९३१ मध्ये त्याच्या सीमा वाढविण्यात आल्या, त्या वेळी तपकिरी अस्वल आणि मूस या प्राण्यांचे रक्षण हा हेतूही त्यात जोडला गेला. १९८० मध्ये या क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानात सुमारे २,२०० तपकिरी अस्वले असावीत, असा अंदाज आहे. उद्यानातील कायम वस्तीच्या माणसांपेक्षा ही संख्या कितीतरी अधिक आहे.

ब्रुक्स नदी ब्रुक्स सरोवरातून निघून नॅकनेक सरोवराला मिळते. तेथून नॅकनेक नदीमार्गे हे पाणी ब्रिस्टल उपसागरात जाते. सॉकआय जातीच्या सॅमन माशाचा जगातील सर्वांत मोठा साठा याच उपसागरात आहे. २०२२ च्या हंगामात तेथील नद्यांकडे परतलेल्या सॉकआय माशांची संख्या सुमारे ७ कोटी ९० लाख इतकी विक्रमी होती. या अफाट लोंढ्याचा एक लहानसा फाटा ब्रुक्स नदीत वळतो.

सॉकआय माशाचा जन्म गोड्या पाण्यात होतो. पहिली एक-दोन वर्षे तो सरोवरात काढतो, पुढील दोन-तीन वर्षे महासागरात वाढतो आणि अखेरीस आपल्या जन्मनदीत अंडी घालण्यासाठी परत येतो. समुद्रात असताना त्याचा रंग चंदेरी असतो. गोड्या पाण्यात काही आठवडे गेल्यावर अंग लालभडक आणि डोके हिरवट होते. या परतीच्या प्रवासात तो काहीही खात नाही, आणि अंडी घालून झाल्यावर मरतो. ब्रुक्स नदीच्या मधोमध सुमारे दोन मीटर उंचीचा एक धबधबा आहे. ही उंची माशाला उडी मारून ओलांडता येण्याजोगी आहे, पण बहुधा पहिल्या प्रयत्नात नव्हे. धबधब्याच्या माथ्यावर जबडा उघडून उभ्या असलेल्या अस्वलाचे आणि त्याच्या तोंडाशी झेपावणाऱ्या माशाचे जगप्रसिद्ध छायाचित्र येथलेच.

अस्वलाची निकड

नदीतील अस्वलाचे वागणे समजून घ्यायचे, तर त्याच्या वर्षाचा हिशेब पाहावा लागतो. तपकिरी अस्वल सुमारे अर्धे वर्ष गुहेत निद्रिस्त राहते. या काळात ते काही खात-पीत नाही आणि त्याचे वजन एक-तृतीयांशापर्यंत घटते. उरलेल्या सहा महिन्यांत संपूर्ण वर्षाची चरबी साठवायची असते. कॅटमाईतील प्रौढ नराचे वजन उन्हाळ्याच्या मध्यास २७० ते ४०० किलोच्या दरम्यान असते. ऑक्टोबरपर्यंत मोठे नर ४५० किलोच्याही पुढे जातात. मादी साधारणपणे एक-तृतीयांशाने हलकी असते. एका सॉकआय माशातून सुमारे ४,५०० कॅलरी मिळतात. ऐन हंगामात एखादे वरचढ अस्वल दिवसाकाठी तीसहून अधिक मासे फस्त करते. मासे विपुल असले की ते केवळ कातडी, मेंदू आणि अंडी एवढेच चरबीयुक्त भाग खाऊन उरलेला मासा टाकून देते. गेल्या काही वर्षांत या अस्वलांपैकी सर्वांत लठ्ठ कोण, याचा कौल दरवर्षी शरद ऋतूत इंटरनेटवर घेतला जातो आणि लाखो लोक त्यात भाग घेतात. गमतीचा भाग सोडला तरी लठ्ठपणा हा येथे थट्टेचा विषय नाही. ज्या मादीच्या अंगावर पुरेशी चरबी नाही, तिला हिवाळ्यात पिल्ले होत नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेले अस्वल हे याहून अगदी निराळे आहे. मेळघाट, ताडोबा किंवा बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात आढळणारे अस्वल वाळवी, मुंग्या, मध, बोरे, मोहाची फुले यांवर जगते. ते मासे मारीत नाही, हिवाळी झोपही घेत नाही, आणि अचानक समोर आलेल्या माणसावर हल्ला करण्याची त्याची प्रवृत्ती कुप्रसिद्ध आहे. अलास्कातील अस्वलाचा सख्खा भाऊबंद भारतात आहे तो हिमालयात. लडाख, काश्मीर आणि हिमाचल प्रदेशाच्या उंच भागात तुरळक संख्येने उरलेले हिमालयीन तपकिरी अस्वल त्याच जातीचे आहे. मात्र त्याच्या वाट्याला सॅमनने भरलेली नदी आलेली नाही, त्यामुळे ते आकाराने लहान राहिले आणि एकमेकांपासून दूरदूर विखुरले.

अस्वल हा मुळात एकांतप्रिय प्राणी. वीस-पंचवीस अस्वलांनी एका धबधब्यावर गोळा व्हावे, हे केवळ अन्नाच्या मुबलकतेमुळे शक्य होते. तेथेही उतरंड कडक असते. धबधब्याखालचा डोह आणि माथ्यावरची मोक्याची जागा बलदंड नर बळकावतात. पिल्लांसह असलेल्या माद्या या नरांपासून दूर राहू पाहतात, कारण नर पिल्लांना मारतात. आईपासून नुकतीच वेगळी झालेली, तीन-चार वर्षांची तरुण अस्वलेही तेथे टिकाव धरू शकत नाहीत. साहजिकच ती प्रवाहाच्या खालच्या अंगाला, नदीच्या मुखाकडे सरकतात. हौशी मासेमार उभे असतात तेही याच भागात. म्हणजे माणसाच्या वाट्याला जी अस्वले येतात, ती एकतर पिल्लांबाबत हळवी असलेली आई, किंवा भुकेले, अननुभवी आणि नको तितके चौकस असलेले पोरगेले अस्वल. दुसऱ्या प्रकाराची चिंता उद्यानरक्षकांना अधिक वाटते. या वयात अस्वल जे शिकते ते पुढील वीस वर्षे विसरत नाही.

सराव आणि चटक

येथे दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट सरावण्याची. माणसे दररोज दिसतात, त्यांच्यापासून त्रास होत नाही आणि लाभही होत नाही, असे वारंवार अनुभवास आले की अस्वल माणसांची दखल घेणे सोडून देते. पन्नास पावलांवर माणूस उभा असतानाही ते निवांत मासे पकडते. ब्रुक्स नदीवरील बहुतेक अस्वले या अर्थाने सरावलेली आहेत. दुसरी गोष्ट चटक लागण्याची. माणसाच्या पिशवीत, डब्यात किंवा गळाला खाद्य असते, हे अस्वलाला एकदा कळले की माणूस हा त्याच्या लेखी खाद्याचा पत्ता बनतो. सरावलेले अस्वल माणसाला टाळून पलीकडे जाते. चटक लागलेले अस्वल माणसाकडे येते.

मासेमारी आणि चटक यांचा संबंध फार जवळचा आहे. गळाला लागलेला मासा पाण्यावर धडपडतो, उसळ्या घेतो. दोर ओढला गेला की काठीवरील रीळ करकरते. जखमी माशाची धडपड हा अस्वलाच्या दृष्टीने मेजवानीचा आवाज असतो. एखाद्या मासेमाराने घाबरून मासा सोडून पळ काढला आणि अस्वलाने तो उचलला, तर एका प्रसंगातच धडा पक्का होतो. पुढच्या खेपेस ते अस्वल नुसत्या रिळाच्या आवाजानेही वळून येते. त्यानंतर ते पुढच्या मासेमाराच्या अंगावर धावून जाईल, मासा आपोआप खाली पडेल, आणि त्याला आणखी एक युक्ती साधेल. अशा रीतीने एका माणसाच्या चुकीची किंमत त्याच्यानंतर नदीवर येणाऱ्या अनोळखी माणसांना मोजावी लागते. अखेरची किंमत बहुधा अस्वलच मोजते. माणसाच्या अन्नाला चटावलेल्या आणि धीट झालेल्या अस्वलाला दूर हाकलणे फारसे साधत नाही, दूर नेऊन सोडले तरी ते परत येते, आणि शेवटी त्याला गोळी घालण्यावाचून पर्याय उरत नाही.

नदीवरचे नियम

ब्रुक्स कॅम्प ही वसाहत १९५० मध्ये रे पीटरसन या वैमानिक-उद्योजकाने गळाच्या मासेमारीसाठी स्थापन केली. इंद्रधनुषी ट्राउट हे त्या काळी मुख्य आकर्षण होते. आरंभीच्या दशकांत नदीवर अस्वले आजच्या मानाने फार कमी दिसत, आणि उष्टे-खरकटे, कचरा यांबाबत आजची शिस्त नव्हती. अस्वले वाढत गेली तसे नियम घडत गेले. पुस्तकी सूत्रांपेक्षा अनुभवाचा वाटा त्यात मोठा आहे, आणि म्हणूनच ते बारकाव्यांनी भरलेले आहेत.

कॅम्पपर्यंत रस्ता नाही. पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानाने किंवा नावेने तेथे पोहोचावे लागते. उतरताक्षणी प्रत्येक पाहुण्याला उद्यानरक्षकांकडून अस्वलांविषयीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यातून कोणालाही सूट नाही. जवळचे खाद्यपदार्थ ठरावीक कोठीत ठेवावे लागतात. खाणे-पिणे इमारतीत किंवा नेमून दिलेल्या जागीच करता येते. खिशात चॉकलेट ठेवून नदीवर जाणेही निषिद्ध. तंबूंच्या जागेला विजेच्या तारेचे कुंपण आहे.

कॅटमाईच्या नियमांतील मध्यवर्ती आकडा ५० यार्डांचा, म्हणजे सुमारे ४५ मीटरचा आहे. अस्वलाच्या दिशेने यापेक्षा जवळ जाण्यास मनाई आहे. अस्वल मासे, मृत प्राणी किंवा बोरे खात असेल, तर त्याच्यापासून एवढ्या अंतराच्या आत थांबून राहण्यासही मनाई आहे. आणि खास मासेमारांसाठी तिसरे कलम असे, की अस्वल ५० यार्डांच्या आत असताना मासेमारी चालू ठेवता येत नाही. शब्दरचना लक्षात घेण्यासारखी आहे. कोण कोणाकडे आला, हा प्रश्न नियम विचारीत नाही. माणूस आधीपासून उभा असला आणि अस्वल नंतर आले, तरीही गळ गुंडाळायचा तो माणसानेच.

मासा गळाला लागलेला असतानाच अस्वल वळणावर दिसले तर काय करावे? प्रथम दोर सैल सोडावा, म्हणजे माशाची धडपड थांबते आणि पाण्यावरचा खळबळाट शमतो. मासा सुटून गेला तर उत्तम. तसे न झाल्यास दोर तोडावा किंवा कापावा. गळ माशाच्या तोंडात राहतो, हे खरे. पण अस्वलाला मासा मिळण्यापेक्षा ते बरे, असा येथील विचार आहे. अनुभवी मासेमार दोर कापण्याचे साधन छातीशी, हाताला सहज लागेल असे अडकवून ठेवतात. हा क्षण सोपा नसतो. हजारो मैलांचा प्रवास आणि मोठा खर्च करून आलेल्या माणसाने आयुष्यातला सर्वांत मोठा मासा स्वतःच्या हाताने सोडून द्यायचा असतो, आणि तोही काही सेकंदांत निर्णय घेऊन.

ब्रुक्स नदीत केवळ कृत्रिम माशीच्या गळाने मासेमारी करता येते. ट्राउट मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडावा लागतो. खाण्यासाठी मासा ठेवून घेण्याची मुभा फार मर्यादित आहे, आणि तीही पुलाच्या खालच्या अंगाला, नदीच्या मुखाकडील भागातच. ठेवलेला मासा काठावर साफ करायचा नाही. तो लगेच पिशवीत बंद करून कॅम्पमध्ये न्यायचा. धबधब्याच्या परिसरात १५ जून ते १५ ऑगस्ट या काळात काठावर किंवा पात्रात जाण्यास पूर्ण बंदी असते. प्रेक्षकांसाठी तेथे उंच लाकडी मचाण बांधलेले आहे. त्यावर एका वेळी ४० जणांनाच प्रवेश मिळतो. पूर्वी नदी ओलांडण्यासाठी तरंगता पूल होता. अस्वल पुलाजवळ झोपले की दोन्ही बाजूंची माणसे तासन्‌तास अडकून पडत. २०१९ मध्ये त्याच्या जागी खांबांवर उभारलेला उंच पूल आला आणि अस्वलांना खालून मोकळी वाट मिळाली. पाहुण्यांचा खोळंबा बराच कमी झाला. जुन्या पाहुण्यांपैकी काहींना त्यामुळे थोडी चुटपुट लागली असल्यास नवल नाही, कारण अस्वलाची झोप पुरी होईपर्यंत थांबणे हाही त्या जागेचा एक संस्कार होता.

अस्वल समोर आल्यास

वाहत्या पाण्याचा आवाज हा नदीवरील मोठा धोका आहे. रानातल्या पायवाटेवर माणसाची चाहूल अस्वलाला दुरून लागते. नदीत ती लागत नाही. गुडघाभर पाण्यात, पाठीमागे उंच गवत, नजर गळावर, अशा स्थितीत उभ्या असलेल्या माणसालाही अस्वलाची चाहूल लागत नाही. यासाठी दोघा-तिघांनी मिळून मासेमारी करावी आणि एकाने आळीपाळीने चौफेर लक्ष ठेवावे, असे सांगितले जाते. झुडपांतून जाताना मोठ्याने बोलावे. काठावरील गवतात अर्धवट खाल्लेले मासे दिसले, तर तेथे रेंगाळू नये.

अस्वल दिसल्यावर धावू नये, हा पहिला नियम. माणूस अस्वलापेक्षा वेगाने धावू शकत नाही, आणि पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे हा त्याचा उपजत स्वभाव आहे. शांत आवाजात बोलत, सोबत्यांच्या जवळ येऊन, त्याच्या वाटेतून बाजूला सरकावे. नदीकाठ हा अस्वलांचा राजमार्ग असतो. बहुतेक वेळा त्याला केवळ पुढे जायचे असते. काठावरून आत, पाण्यापासून दूर सरकणे पुष्कळदा पुरेसे ठरते. कान पाडणे, लाळ गळणे, जबड्याचा कटकट आवाज करणे, ही अस्वलाच्या अस्वस्थतेची चिन्हे होत. काही वेळा ते धावून येते आणि काही मीटरवर थबकते. अशा वेळी जागेवर उभे राहण्यास फार धैर्य लागते, पण तेच हिताचे असते. बचावाच्या भावनेतून तपकिरी अस्वलाने प्रत्यक्ष अंगाला हात घातलाच, तर पालथे पडून हातांनी मान झाकावी आणि निपचित पडून राहावे, असा सल्ला दिला जातो.

मिरचीच्या अर्काचा दाबाखाली भरलेला फवारा हे आज सर्वमान्य साधन आहे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातील ८३ प्रसंगांचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के प्रसंगी फवाऱ्याने त्यांचे नकोसे वर्तन थांबले, आणि फवारा जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना कोणतीही इजा झाली नाही. मात्र हा फवारा पट्ट्याला हवा, पाठपिशवीच्या तळाशी नव्हे.

गर्दीची दुसरी नदी

ब्रुक्स नदीची शिस्त किती मोलाची, हे कीनाय द्वीपकल्पातील रशियन नदीकडे पाहिल्यावर ध्यानात येते. अँकरेज शहरातून मोटारीने दोन-अडीच तासांत तेथे पोहोचता येते. सॉकआयच्या हंगामात कीनाय आणि रशियन या नद्यांच्या संगमावर मासेमार खांद्याला खांदा लावून उभे असतात. ही मासेमारी हौसेची असली, तरी अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या साठवणीचीही असते. तेव्हा मासा सोडून द्या, हा ब्रुक्सचा उपदेश येथे लागू पडत नाही. येथे अडचण गळावरच्या माशापेक्षा काठावर साफ केलेल्या माशांच्या सांगाड्यांची होती. मांसाचे काप काढून घेतल्यावर उरलेले डोके, काटे आणि आतडी उथळ पाण्यात साचत आणि अस्वलांना आयते जेवण मिळे. शिवाय काठावर ठेवलेल्या पिशव्या आणि दोरीत ओवलेले मासेही असत.

जुलै २००३ मध्ये रात्री उशिरा नदीवरून परतणाऱ्या एका तरुणावर येथे अस्वलाने हल्ला केला आणि त्यात त्याची दृष्टी कायमची गेली. त्या काळात येथील अस्वलांचा प्रश्न तीव्र झाला होता. पुढे सांगाड्याचे बारीक तुकडे करून ते खोल, वेगवान प्रवाहात फेकण्याची पद्धत शिकविण्यात आली, आणि पुढे मासा अखंडच घरी न्यावा, असा आग्रह धरला गेला. खाद्य, पिशवी आणि पकडलेले मासे हाताच्या अंतरात ठेवण्याचे बंधनही आले. अलास्काच्या कायद्याने अस्वलाला खाऊ घालणे हा गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणाने अन्न उघड्यावर ठेवणेही त्यातच मोडते. स्वतःच्या जिवाच्या रक्षणार्थ अस्वल मारण्याची मुभा कायदा देतो, पण मारलेल्या अस्वलाचे कातडे आणि कवटी सरकारजमा करावी लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला मॅकनील नदी आहे. कॅटमाईच्या उत्तरेस असलेल्या या राज्य अभयारण्यात १९७३ पासून परवाना पद्धत आहे. सोडत काढून दिवसाला केवळ दहा जणांना प्रवेश दिला जातो. ठरलेली वेळ, ठरलेली वाट, ठरलेली जागा, आणि सोबत अनुभवी कर्मचारी. लॅरी ऑमिलर यांनी तीस वर्षे ही व्यवस्था सांभाळली. त्यांचा भर एकाच गोष्टीवर होता : माणसाचे वागणे अस्वलाला दररोज सारखेच दिसले पाहिजे. एका वेळी साठ-सत्तर अस्वले नदीत दिसणाऱ्या या जागी, परवाना पद्धत सुरू झाल्यापासून एकाही पाहुण्याला अस्वलाने जखमी केल्याची नोंद नाही.

मैत्रीचा भ्रम

सरावलेल्या अस्वलाची शांतता ही मैत्री समजण्याची चूक कॅटमाईतच प्राणघातक ठरली. टिमोथी ट्रेडवेल हा अस्वलप्रेमी तेरा उन्हाळे या किनाऱ्यावर अस्वलांच्या अगदी निकट राहिला. विजेचे कुंपण आणि फवारा त्याने नाकारला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये काफ्लिया उपसागराजवळ तो आणि त्याची सहकारी एमी ह्यूगेनार्ड हे दोघेही अस्वलाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडले. दोन अस्वलेही गोळीस बळी पडली. हंगाम सरत आलेला, मासे संपत आलेले आणि झोपेपूर्वीची भूक टोकाला गेलेली, अशी ती वेळ होती. वेर्नर हेरझोग यांच्या २००५ मधील माहितीपटामुळे ही घटना जगभर पोहोचली. मे २०२३ मध्ये जपानच्या होक्काइडो बेटावरील शुमारिनाई सरोवरावर गळ टाकण्यास गेलेला एक मासेमारही अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला. मासेमार आणि अस्वल यांचा प्रश्न अलास्कापुरता नाही, हे त्यावरून दिसते.

आधीचे आणि लाजरे

ब्रुक्स नदीवर मासे धरणारी माणसे ही १९५० नंतर आलेली नाहीत. नदीकाठी प्राचीन घरांचे शेकडो खळगे आढळले असून, हजारो वर्षांच्या मानवी वस्तीचा तो पुरावा आहे. १९९३ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला. १९१२ च्या उद्रेकाने परिसरातील गावे कायमची उठली. विस्थापितांचे वंशज आजही शरद ऋतूत अंडी घालून झालेले लाल मासे गोळा करण्यासाठी येथे येतात, आणि १९९६ च्या कायद्याने त्यांचा हा हक्क मान्य केला आहे. त्या माशांत चरबी उरलेली नसते, त्यामुळे ते वाळविण्यास सोपे जातात. त्यांच्या दृष्टीने ही नदी पर्यटनस्थळ नसून कोठार आहे.

अस्वलांमध्येही सगळीच सरावलेली नसतात. टॅमारा ओल्सन, बॅरी गिल्बर्ट आणि रोनाल्ड स्क्विब यांनी ब्रुक्स नदीवर केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅम्प शरद ऋतूत नेहमीपेक्षा अधिक दिवस उघडा ठेवल्यावर काय होते, हे त्यांनी पाहिले. सरावलेल्या अस्वलांच्या येण्या-जाण्यात फरक पडला नाही. माणसाला न सरावलेली प्रौढ अस्वले मात्र नदीवर येणे लांबणीवर टाकीत राहिली. अशा अस्वलांची छायाचित्रे निघत नाहीत, त्यांना नावे किंवा क्रमांक मिळत नाहीत, आणि मासेमाराला तर ती दिसतही नाहीत. तो पाण्यात उभा असतो त्या वेळी ती झाडीत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबलेली असतात.

कॅम्पचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यानंतर संपतो. शेवटचे विमान गेले तरी अंडी घालून मेलेले सॉकआय नदीच्या संथ पाण्यात ऑक्टोबरपर्यंत तळाशी साचलेले असतात. झाडीत थांबलेल्या अस्वलांची पाळी त्या सुमारास येते.